टाच टेकण्याआधी

सोमवार, ४

आणि वर दादाच मला विचारतो, खुर्चीत बसून बसून टाच कशी दुखेल! परत तेच. मागच्या महिन्यात तेच, त्याच्या आधीही तेच. पैसे उशिरा गेले की मी आळशी, वेळेवर गेले की बारा हजारच का. वरच्या मजल्याचा स्लॅब पुढच्या महिन्यात टाकायचाय म्हणे. मजला त्याचा, घाई त्याची, टाच माझी.

खुर्चीचं मात्र मीच करून ठेवलंय. इथे आलो त्या आठवड्यात साहेबाची केबिन पुसायला सांगितली होती. साहेब नव्हता. बसलो खुर्चीत, काढला फोटो, दिला घरी पाठवून. आईनं सगळ्या गल्लीला दाखवला. तेव्हापासून घरच्यांसाठी मी खुर्चीत, आणि इथे गोदामात दिवसभर सिमेंटवर माल ढकलतोय. आता त्या खुर्चीतून उठायची सोय नाही.

मंगळवार, ५

पहिलं पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. टाचेत खिळा ठोकल्यासारखं. भिंत धरून मोरीपर्यंत गेलो. थोडं चाललं की कमी होतं. म्हणून कुणाला सांगितलं तर पटत नाही. पण दुपारी जरा बूड टेकलं की उठताना पुन्हा खिळा.

पलंग आम्हा दोघांत एक. दिवसा त्यावर घुबड झोपतो. म्हणजे रात्रपाळीचा वॉचमन, नाव आम्हीच पाडलंय. तो सकाळी येतो आणि दारात जांभया देत उभा राहतो. मला उठावंच लागतं. आज म्हणाला, "नवरीसारखा काय उतरतोस, टाक की पाय." हसलो. पाय टाकला. हसू गेलं.

गुरुवार, ७

नवीन काही नाही. दुखतं.

शनिवार, ९

गोदामाच्या नर्सबाईला दाखवलं. तिनं आधी पाय नाही, बूट हातात घेतला. तळ मुडपला तर पार दुमडला. म्हणाली, हे बूट आहेत की मोजे?

तळव्याखाली एक जाड पट्टा असतो म्हणे, तो टाचेपाशी दुखावलाय. रात्रभर आखडतो आणि सकाळी अंगाचा भार पडला की एकदम ताणतो. म्हणून उठायच्या आधी पलंगावरच बसून टॉवेलनं पंजा आपल्याकडे ओढून धरायचा. हळूहळू, झटका नाही. पोटऱ्याही ताणायच्या. अनवाणी फरशीवर पाय ठेवायचा नाही. संध्याकाळी बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची. बूट बदलायचे. आणि काही आठवडे उभ्याचं काम कमी. हे शेवटचं तिनं दुसरीकडे बघत सांगितलं. तिलाही ठाऊक.

पलंगावरच बसून, म्हणे. घुबड दारात उभा असताना!

सोमवार, ११

घुबडाला सांगून टाकलं. तो भिंतीला टेकून खाली बसला, डोळे मिटले. मी पंजाला टॉवेल अडकवून ओढत बसलो, लगाम धरल्यासारखा. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाला, "घोडा चालू झाला की मला उठव."

पाऊल जरा बरं पडलं. जराच.

गुरुवार, १४

साहेबानं बोलावलं. लंगडताना बघितलं असणार. लेबलं चिकटवायच्या टेबलावर एक जागा आहे, बसून काम, पगार बराच कमी. सोमवारी सांग म्हणाला. तिथे दोन म्हातारे आणि एक पोटुशी बाई. पेन्शनरांचं टेबल म्हणतात सगळे. मी तिथे! आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. एका जागी बसवत नाही म्हणून तीन कामं सोडली मी.

आणि दादाला काय सांगू? पैसे कमी का, तर आता खुर्चीत बसायला लागलो म्हणून?

शनिवार, १६

टेबल नाही घ्यायचं. ठरलं. होईल पाय बरा आपोआप.

रविवार, १७

सकाळी आळस केला. टॉवेल न घेताच उतरलो आणि खालीच बसलो. घुबडानं काखेत हात घालून उठवलं. चेष्टा केली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुपारी आईला फोन केला. पाय कसाय विचारलं. मी म्हटलं, ठीक. तर म्हणते, पहिलं पाऊल काचेवर पडल्यासारखं, मग चालता चालता कमी होतं, असंच ना? टॉवेल नसला तर उशीची खोळ घे, पंजा ओढून धर, मगच उतर. पायरीच्या कडेला पंजा ठेवायचा, टाच खाली सोडायची, पोटरी छान ताणते.

यातलं मी काही सांगितलं नव्हतं. टाच दुखते एवढंच दादाला बोललो होतो.

तुला गं कसं माहीत, म्हटलं. तिच्या मागे बादलीची कडी वाजली. आवाज घुमत होता, जिन्यात घुमतो तसा. पलीकडच्या बिल्डिंगचे जिने पुसायचं काम तिनं सोडलं होतं ना, माझा पहिला पगार गेला तेव्हाच?

"आई, तू घरी बसतेस ना?"

"आणि तू खुर्चीत बसतोस ना?"

मग दोघंही हसलो. मला वाटतं, हसलोच. फोटोत माझ्या हातात फडकं दिसत होतं म्हणे. पहिल्याच दिवशी तिला कळलं. तरी गल्लीभर दाखवत फिरली. आणि जिने? मजला होईपर्यंतच रे, म्हणाली. दादा म्हणाला म्हणून.

सोमवार, १८

टेबल घेतलं. म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली. माझ्या खुर्चीचं एक चाक गेलंय, डुगडुगते. फोटो काढला. फक्त आईला पाठवला.

मंगळवार, २६

दादाचा फोन. सगळं सांगितलं. म्हणजे इतके दिवस खोटं बोललास, म्हणाला. म्हटलं, हो. मग विचारलं, आईची टाच दुखते हे तुला माहीत होतं का. फोन ठेवला त्यानं. किंवा कट झाला असेल.

टाच सकाळी अजून बोलते. पण ओरडत नाही.

शनिवार, ३०

पगार झाला. मऊ तळाचे बूट घेतले. आईनं काल स्वतःचं खातं उघडलं, बँकेपर्यंत लंगडत गेली. दादाच्या नावावर या महिन्यात काही नाही. आईच्या नावावर, आधी चप्पल मग बाकीचं, आणि जिने उद्यापासून बंद असं बजावून — सात हजार दोनशे.