आईच्या चित्राला हात लावू नका

३ फेब्रु. ७५, परतूर
…तरी आत्याचं एकच. "वैनीच्या तोंडाला काळं फासून ठिवलंय." कसं सांगू हिला? आईनं उभ्या जन्मात फोटो काढू दिला न्हाई. दिवाळीत आजारी होती तवा माझ्यासमोर बसली, तेवढीच. कोळशात काढली म्हणून काय ती आई न्हाई? आता घरात तिचा चेहरा म्हणून हा एकच कागद. आणि कोळसा तर फुंकरीनं पण उडतो.
तेराव्याला पाटावर मांडणार. त्याच्या आत पक्कं करायचं. बाबांची बदली व्हायच्या आधी, सिकंदराबादला, स्कूलमध्ये मॅडम डब्यातून फिक्सेटिव मारायच्या, मंग कोळसा हलायचा न्हाई. इथं कुठलं!

५ फेब्रु.
साय काढलेलं दूध, पाणी, डासांच्या फ्लिटचा पंप. नशीब, आधी झाडाच्या चित्रावर मारलं. झाडाला देवी आल्यागत थेंब थेंब. वर रॉकेलचा वास.
बाबा : "डास मारून राह्यली का चित्र?"
हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

८ फेब्रु.
सुताराकडून लाखेचं पॉलिश आणलं. स्पिरिट घालून पातळ केलं, पंप साबणानं धुतला, लांबून मारलं. कडेला बोट घासलं, काही आलं न्हाई! जमलं! चेहऱ्यावर मात्र हलकंच मारलं, पिवळी पडंल म्हणून. काच लावू म्हनलं तर बाबा, "ती परभणीहून आणावी लागंल. नंतर बघू."

१० फेब्रु. तेरावं.
झालं सगळं.
पत्रावळी आणायला आत गेल्ते. सगळ्यांना सांगून गेल्ते, हात लावू नका. येऊन बघते तर आत्या चित्रावर वाकलेली. "सवाशीण गेली माझी वैनी. कपाळ मोकळं ठिवता व्हय?" ओलं कुंकू, बोट दाबून. तिच्या मागं बायांची लाईन. कुणाचं तरी बोट खाली घसरलं. डावा डोळा, नाक, सगळं एक. तांबडं-काळं.
मी ओरडले. लई ओरडले.
आत्या : "घ्या! शिकवा अजून इंग्रजी शाळेत. आता आईला कुकू लावायची पण चोरी!"
बाबांनी माझ्या हातातल्या पत्रावळी घेतल्या आणि मांडायला लागले. त्याचाच राग जास्त.

१९ फेब्रु.
दुसरं काढून राह्यले, जुनं शेजारी ठेवून. डावा डोळा आठवत न्हाई. खरंच न्हाई. उजवा बघून उलटा काढला. आईचे दोन डोळे सारखे नव्हते, एवढंच आठवतं. कुठला बारीक होता…

२ मार्च
परभणीहून काच लावून आलं. आत्या रडली. "हां, ही बराबर माझी वैनी! पहिल्यापेक्षा गोरी आली." रोज काचेवर कुंकू लावते, रोज पुसते. शेजारच्या बाया पण म्हणे बराबर.
भिंतीवरची ती बाई कोण, मला म्हाईत न्हाई.

९ मार्च
बाबा म्हणाले, "जुनं दे बेटा. दुधना नदीत सोडून येतो. तोंड पुसलेलं माणूस घरात ठेवू नये."
मी म्हनलं, "आईचे दोन डोळे कसे होते ते सांगा, मंग देते."
बाबांनी मान वर केली. भिंतीकडं. काचेतल्या तिच्याकडं बघितलं. मंग म्हणाले, "असेच तर होते."
उद्या परत मागतील. जुन्यात अजून उजवा डोळा, हनुवटी, कान तिचेच आहेत. बाकी राख.
कधी कुणी हे वाचलंच तर सांगा, तुम्ही दिलं असतं का?