‘सोडलं’ आणि ‘सोड’

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. तुझ्या यजमानांना नमस्कार, पोरीला पापा. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी ‘गाडीवर आहे, नंतर बोलू’ म्हणतेस. ते नंतर दोन वर्षं झाली तरी आलेलं नाही. तुला बोल लावत नाही. पत्र फार तर तू फाडशील, पण फाडायच्या आधी चार ओळी वाचशीलच, एवढा तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

बाबांचं खाणंपिणं ठीक आहे. उजवा गुडघा मात्र आता वाकायचं नावच घेत नाही. फाटकापर्यंत जातात आणि भिंतीला धरून परत येतात. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून घरातले सगळे पडदे उसवून परत शिवून झाले, आता माझ्या शर्टांवर डोळा आहे. तुझी वहिनी म्हणते, एका जागी फार वेळ बसू नका, तुम्हालाही शिवतील.

शाळेनं तुझा सत्कार केल्याची बातमी वाचली. बारा वर्षं बस चालवतेस आणि एक ओरखडा नाही. मी ती बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते म्हणाले, “पोरांचं नशीब थोर.” मी नेहमीसारखा हसलो. हसायला नको होतं.

आता गेल्या रविवारची गंमत सांगतो. गंमत म्हणजे, सुरुवातीला होती.

आमच्या गाडीचं ब्रेक ऑइल कडक चहासारखं काळं झालं होतं. गॅरेजवाला आठवड्यानं ये म्हणाला, तेव्हा म्हटलं, घरीच करू. मी दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात उभा राहून लोकांना अवजारं विकतो आणि घरी धड जॅक नाही. दिव्याखाली अंधार. शेजाऱ्याचा जॅक आणला, चाकांमागे विटा लावल्या. औषधांच्या दुकानातून सलाइनची नळी आणि मोठी सिरिंज घेतली. तापलेल्या खिळ्यानं पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं, त्यात नळी खोचली. गाडीखाली पोतं टाकून मी आडवा आणि वर पेडलवर तुझी वहिनी.

हे काम तुला माहीत आहे. तरी परत लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वरच्यानं पेडल दाबून धरायचं. खालच्यानं चाकामागचा निपल, म्हणजे नळी लावलेला तो पोकळ स्क्रू, पाव फेरा सैल करायचा, म्हणजे जुनं ऑइल बुडबुड्यांसकट नळीतून बाटलीत येतं. निपल परत आवळला की मगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. आणि ब्रेकमध्ये हवा शिरली की पेडल कितीही दाबा, गाडी थांबेलच असं नाही.

मी म्हटलं, “दाब.” ती म्हणाली, “दाबलं.” मी निपल सैल केला आणि तिला कळावं म्हणून म्हटलं, “सोडलं.” तिनं पाय उचलला. नळीतलं ऑइल सर्रकन मागं गेलं.

मी खालून ओरडलो, “अगं, आवळायच्या आधी पाय का काढलास?”

“तुम्हीच म्हणालात ना, सोड म्हणून.”

“मी ‘सोडलं’ म्हणालो. मी ऑइल सोडलं. तू पाय सोड असं नाही म्हणालो.”

“तुमचं तोंड चाकात. मला इथं काय ते ‘लं’ ऐकू येणारे? ‘सोड’ तेवढं ऐकलं आणि सोडला.” मग म्हणाली, “अहो, मग वन्संनी त्या वेळी वेगळं काय केलं होतं?”

मी बराच वेळ गाडीखालून बाहेर आलो नाही. ती समजली पाना शोधतोय.

ही गोष्ट आपल्या घरी कोणाला माहीत नाही? तू अठरा वर्षांची, मी एकवीसचा, मेकॅनिकच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला. शाळांचे गणवेश पोचवायला बाबांनी घेतलेली ती जुनी गाडी. तिचे ब्रेक मी असेच अंगणात केले, तू पेडलवर होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या उतारावर बाबांच्या पायाखाली पेडल तळाला गेलं, गाडी भिंतीवर आदळली आणि बाबांच्या गुडघ्याचा चुरा झाला. पायानं मशीन मारणारा माणूस, त्यानंतर त्याला मशीनला मोटर बसवावी लागली. आणि गोष्टीचं नाव पडलं ‘ठकूनं पाय उचलला’. प्रत्येक कार्यात बाबा ती सांगायचे. “पोरगी हुशार, पण पायाला अक्कल नाही.” सगळे हसायचे. तूही हसायचीस, चहाचे कप गोळा करत. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो.

आणि दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तू त्यांना न्यायला गाडी धुऊनपुसून घेऊन आलीस. नर्ससमोर ते म्हणाले, “मला अजून जगायचंय,” आणि त्यांनी टॅक्सी बोलावली. मी त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसलो. तू घरापर्यंत आमच्या मागून आलीस, औषधांची पिशवी पायरीवर ठेवलीस आणि आत न येता गेलीस. तेव्हापासून आलेली नाहीस.

तर ‘सोडलं’ आणि ‘सोड’. तेव्हाही मी खालून ‘सोडलं’च म्हणत होतो. शब्दाचा घोटाळा, ना तुझी चूक, ना माझी. हे सुचल्यावर मला इतकं बरं वाटलं की सोमवारी बसून तुला तसं पत्रसुद्धा लिहिलं. चांगलं जमलं होतं. वाचून बघितलं आणि फाडलं. कारण ते खरं असलं तरी अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

त्या संध्याकाळी काम झाल्यावर तू पेडल परत दाबून बघितलंस. म्हणालीस, “दादा, हे मऊ लागतंय. पाय खाली खाली जातोय.” मी रॉकेलनं हात धूत होतो. तू परत म्हणालीस, “बघ ना एकदा.” मी म्हटलं, “तुला काय कळतं त्यातलं? एका दिवसात बसेल ते.” ठकू, मला माहीत होतं. मऊ पेडल म्हणजे आत हवा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. पण ऑइलचा डबा संपला होता, मित्र कोपऱ्यावर थांबले होते, आणि संध्याकाळपर्यंत गाडी तयार ठेवतो असं मी बाबांना ऐटीत सांगून बसलो होतो. एवढंच कारण. मोठं काहीतरी असतं तर सांगताना बरं वाटलं असतं.

दवाखान्यात बाबांनी विचारलं, “झाल्यावर पेडल बघितलं होतं का रे?” मी म्हटलं, “ठकूनं बघितलं. घट्ट आहे म्हणाली.” तू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होतीस. तू माझ्याकडे बघितलंस. मी चादरीकडे बघत राहिलो. मग तू त्यांना पाणी दिलंस.

येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला बाबा सांगत, मुलगा मेकॅनिक होतोय. त्याच तोंडानं आता ते काय म्हणतील, याला मी भ्यालो. वाटलं, दोन दिवसांनी सांगू, ताप उतरला की सांगू, प्लास्टर काढलं की सांगू. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी काही आलं नाही, तुझ्या नावावर आलं. कोर्स मात्र मी त्या वर्षीच सोडला. मन लागत नाही असं घरी सांगितलं.

मला फार वाईट वाटतं, ठकू. सव्वीस वर्षं वाटतंय, आणि सव्वीस वर्षं त्याचा तुला काही उपयोग झाला नाही.

बुधवार

पत्र रविवारीच टाकणार होतो. पण बाबांना सांगितल्याशिवाय टाकलं असतं तर तेही अर्धंच झालं असतं. वहिनीला मात्र पत्र लिहिल्यावर त्याच दिवशी गाडीजवळ सांगितलं होतं. दोन दिवस तिनं मला चहा दिला नाही.

काल बाबा माझ्या शर्टाची कॉलर उसवत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, मधे थांबलो असतो तर परत जमलं नसतं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

“दोनदा म्हणाली ती?”

“दोनदा.”

“मग मला कधी बोलली का नाही?”

“तुम्ही तिला विचारलंच नाहीत, बाबा. मलाच विचारलंत.”

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. जेवताना वहिनीला म्हणतात, त्याला सांग, दिवा बंद कर. हे ठीकच आहे, माझी तक्रार नाही.

आज सकाळी त्यांनी धुतलेला शर्ट घातला, काठी घेतली आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसले. वहिनीला विचारलं, तिच्या बसला सुट्टी कधी असते. ती म्हणाली, रविवारी. मग म्हणाले, “तिला विचार, येऊन मला कुठंतरी फिरवून आणेल का. मागं नाही बसणार, तिच्या शेजारी बसेन.” वहिनी फोन आणायला आत वळली, तर त्यांनीच थांबवलं. “नको, विचारू नकोस. तिच्या जागी मी असतो तर नेलं नसतं.”

त्यांनी विचारू नको म्हटलंय, म्हणून मीही विचारत नाही. ते काय म्हणाले तेवढं कळवतो, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. तुझं म्हणणं मी त्यांना तसं कळवलं नव्हतं.

तुझा,
दादा