ताईच्या लॅपटॉपवर लिनक्स

ताई,

इथे आल्यापासून आज पहिल्यांदा तुला गाढ झोप लागलेली दिसली, म्हणून उठवलं नाही. मी कामावर निघतोय.

तू म्हणालीस तसं लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलंय. विंडोजची काही चूक नव्हती. तू काय टाइप करतेस ते दुसऱ्याला दिसावं, असं काहीतरी त्यात मुद्दाम बसवलेलं होतं. कोणी, ते आपण दोघंही जाणतो. "मैत्रिणीला लिहिलेलं भाऊजींना कसं कळतं गं?" असं मी विचारायचो, तेव्हा तू "नवऱ्याला कळतंच रे" म्हणून हसायचीस.

तुझी भाषांतरं जशीच्या तशी आहेत. लिहायला 'रायटर' उघड. बटणं इकडची तिकडे गेल्यासारखी वाटतील, पण हळूहळू हात बसेल. मराठी कीबोर्ड सुरू करून ठेवलाय. बिनधास्त वापर, तुझ्या हातून काही बिघडणार नाही.

सकाळी भाऊजींचा फोन आला होता. "लॅपटॉप पाठवून दे, मी नीट करून देतो," म्हणाले. "नीट झालाय," एवढंच बोललो आणि ठेवला. पुन्हा आला तर तू उचलायलाच हवा असं काही नाही.

चालू केलास की तो नवा पासवर्ड मागेल. तुझा तू ठरव. आईला सांगू नकोस, मलाही नको. विसरलीस तर सगळं पुन्हा बसवून देईन, पण विचारणार नाही.

बारक्या