कागदाच्या जिलब्या

१७ जानेवारी १९५४, रविवार

मी सध्या वर्ध्याला हस्तकलेचं शिक्षण घेते आहे. मला आजच कळलं!

हे भेटीला आले होते. खाटेपासून दोन हात लांब उभे, हातात रुमाल. दुकानाचं झालं, थंडीचं झालं, मग हळूच बोलले – घरी तळेगावात सगळ्यांना असंच सांगितलंय. सासूबाईंनी ठरवलं. वन्संचं लग्न जमवायचं आहे. घरात क्षय आहे हे कळलं तर सोयरिकीला कोण येईल? दुकानाची पायरी तरी कोण चढेल? "सात महिने झाले, लोक विचारून राह्यले. काहीतरी सांगाच लागते ना."

चूक त्यांचीच आहे असं म्हणवत नाही. पण राग आला. मी अजून इथे दवाखान्यात खोकते आहे आणि तिकडे मी बरी होऊन शाळेतसुद्धा जाऊ लागले.

नलूलाही तेच सांगितलंय. सात वर्षांची पोर, दुसरीत. तिला खरं सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं, असं सासूबाईंचं म्हणणं. "रोज विचारते, आई काय शिकली? काहीतरी करून ठेव तू. हातानं केलेलं. नाईतर तिले खरं नाई वाटणार."

म्हणजे आता मला हस्तकला आली पाहिजे. तीही पंधरा दिवसांत.

१८ जानेवारी

मला काहीच येत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हाही शिवणाच्या तासाला मुलींच्या हातात सुया देऊन मी आपली गोष्ट वाचून दाखवायची. रुमालाच्या चार कडा आयुष्यात कधी सारख्या आल्या नाहीत.

शेजारच्या खाटेवरच्या देवकाबाईंनी काल सगळं ऐकलं. वॉर्डात दुसऱ्याचं ऐकण्याशिवाय उद्योग तरी काय आहे? त्या हिंगणघाटच्या. घरी बाशिंगं आणि रुखवताची कागदी फुलं करायचा धंदा, तीस वर्षं केला. म्हणाल्या, "जिलब्या करजो कागदाच्या. पट्टी कापाची, गुंडाळाची, बोटानं दाबाची. झाली पाकळी. त्यात काय हाय?"

लागतं काय काय, विचारलं. बोटं मोजत सांगितलं – दाभण, पातं, डिंक, कागद. पाचवं बोट धरून म्हणाल्या, "अन् दम." आणि दोघींनाही खोकल्याची उबळ आली.

२० जानेवारी

नत्थूनं दाभण आणलं. नत्थू म्हणजे वॉर्डातला नोकर, पन्नाशीचा, सदा कुरकुरणारा, पण नाही म्हणत नाही. जिनात कापसाचे बोरे, म्हणजे पोती, शिवतात ते दाभण. देवकाबाईंनी त्याला पायरीवर बसवून नेढ्याचं टोक दगडावर घासायला लावलं. नेढं वरून उघडलं की दाभणाला दोन दात होतात. मधल्या फटीत पट्टीचं टोक अडकवायचं आणि दाभण फिरवायचं.

"बाई, नवंकोरं दाभण काऊन बिघडवून राह्यले तुमी?" नत्थू शेवटपर्यंत विचारत होता.

मुठीसाठी अणकुचीदार टोकाला औषधाच्या बाटलीचं बूच खोचलं. माझं पहिलं हत्यार!

२२ जानेवारी

कागद नाही. नत्थूनं पतंगी कागद आणला, तो फिरवताक्षणी फाटतो. औषधाच्या खोक्यांचा पुठ्ठा वळतच नाही. शेवटी ड्रेसिंगच्या कापसाच्या गुंडाळीवरचा निळा कागद सिस्टरांकडे मागितला. तो मऊ आहे, पण जाड. जिलबीचा मधला डोळा उघडाच राहतो.

यांना पत्र टाकलं – येताना वर्ध्याच्या बाजारातून घोटीव कागद आणा. तांबडा, पिवळा, हिरवा.

२३ जानेवारी

अकरा केल्या. नऊ उकलल्या.

२७ जानेवारी

अंगणातल्या बाभळीचा डिंक औषधाच्या पेल्यात भिजवला. पट्टीचं टोक मी सवयीनं जिभेला लावायला गेले आणि देवकाबाईंनी हातच धरला. "लेकीले पाठवाचं हाय ना ते?" तेवढंच म्हणाल्या. मी पेला जवळ ओढला.

जिलब्या सारख्या मापाच्या व्हाव्यात म्हणून सैल सोडायच्या बांगडीत. देवकाबाईंकडे त्यासाठी लाकडी चकत्या असायच्या. इथे माझी काचेची बांगडी. काढायला साबण लागेल वाटलं होतं. नुसता हात खाली केला, तर मांडीवर पडली.

३१ जानेवारी, रविवार

हे आले. घोटीव कागद विसरले. रुमाल विसरले नव्हते.

फूल तयार नाही म्हटल्यावर चेहरा पडला. नलूनं शाळेत सगळ्यांना सांगितलंय, माझी आई मोठ्या शाळेत आहे, माझ्यासाठी काहीतरी मोठं करते आहे. बाईंनी म्हणे तिला ते वर्गात आणायला सांगितलंय. "आता नाई दिलं तर बाई विचारतीन. मंग माही आई तिच्यावरच ओरडते."

१४ तारखेपर्यंत करतेच, म्हटलं. कशाचं करणार ते नाही सांगितलं. मलाच माहीत नव्हतं.

५ फेब्रुवारी

कागद सापडला. उशाखालीच होता.

मागच्या वर्षीची रोजनिशी. शाळेची रेघांची वही, कागद घट्ट आणि गुळगुळीत. एक पान कापून पाहिलं. दाभणावर असं वळतं की देवकाबाईसुद्धा उठून बसल्या. "हाच कागद पायजे होता." आणि रेघेवर पातं चालवलं की पट्टी आपोआप सारखी येते. फूटपट्टी नको, माप नको. शाईच्या ओळीमुळे जिलबीच्या वेटोळ्यांत निळी झाक येते ती वेगळीच.

कापण्याआधी वाचलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर. कशाला लिहून ठेवलं असेल हे सगळं? कोण वाचणार होतं? कापलं ते बरंच झालं. घट्ट गुंडाळल्यावर अक्षर आतच राहतं.

९ फेब्रुवारी

शेवंती करते आहे. चोवीस पाकळ्या बाहेरच्या, सोळा आतल्या. मध्ये निळ्या कागदाची एक घट्ट जिलबी. मी फार आवळते असं देवकाबाईंचं म्हणणं. "सैल सोडजो. हात काढला का थे आपली जागा धरते."

दुपारी ताप. पाकळ्या तरीही झाल्या. ताप आणि पाकळ्या या दोन्ही गोष्टी एका दिवसात मावतात, हे नवीनच.

१२ फेब्रुवारी

झाली. पुठ्ठ्यावर चिकटवून खिडकीत उन्हात ठेवली आहे. इथून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू दोन दिवस उन्हात ठेवायची असा सिस्टरांचा नियम. पत्रं, कपडे, आता शेवंती. दर तासाला उठून बघते. मी केली यावर विश्वास बसत नाही. फार दिवसांनी हातून काहीतरी सरळ झालं.

१४ फेब्रुवारी, रविवार

घेऊन गेले. "चांगली झाली," म्हणाले. रुमालात धरून पिशवीत ठेवली.

नलूला सांगा, आईनं स्वतः केलीय – असं दोनदा बजावलं. नंतर वाटलं, यात न पटण्यासारखं काय आहे? तेवढं एक तर खरं आहे.

२० फेब्रुवारी

देवकाबाईंना घरी न्यायला सांगितलं. बऱ्या झाल्या म्हणून नव्हे. मुलगा आला, वळकटी बांधली, डॉक्टरांसमोर मान खाली घालून उभा राहिला. जाताना त्यांनी माझं दाभण हातात घेऊन टोक पाहिलं, बोटानं पुसलं आणि परत दिलं.

खाट धुऊन उन्हात टाकली आहे.

२८ फेब्रुवारी, रविवार

नलूनं शेवंती मोडली.

हे सांगायला तयार नव्हते. मीच खोदून विचारलं. शाळेत नेलीच नाही. चार दिवस उशाशी घेऊन निजली, पाचव्या दिवशी मागच्या ओसरीत बसून एकेक पाकळी उकलली. चाळीसच्या चाळीस. सासूबाई पाहायला गेल्या तोवर सगळ्या पट्ट्या चुलीत घातलेल्या. "आईनं एक दिली ठेवून. पण पोरगी ना रडली, ना काऊन केलं ते सांगतलं. अन् आता तुह्याबद्दल विचारतच नाई."

विचारतच नाही.

मी म्हटलं, लहान आहे, होतं असं. हे गेल्यावर डिंकाचा पेला भिंतीवर फेकला. नत्थूनं काचा गोळा केल्या, कधी नव्हे तो कुरकुरलासुद्धा नाही.

१ मार्च

सकाळी तोंड धुताना लक्षात आलं.

मी रेघेवर कापलं. प्रत्येक पट्टीवर एक अख्खी ओळ होती. आणि नलूला वाचता येतं! पहिलीत मीच शिकवलं तिला, पाटीवर, जोडाक्षरांसकट. घट्ट गुंडाळलं की अक्षर आत राहतं म्हणे. पोरांच्या हाती गुंडाळलेलं काहीही दिलं तर ती पहिलं काय करतात, हे मला, मास्तरणीला, कळू नये?

काय काय होतं त्या पानांवर? आठवतं तेवढं लिहिते. "आज सकाळी रक्त पडलं, वाटीभर." "डाव्या छातीत भोक आहे असं फोटोत दिसलं." "नलूची वेणी कोण घालत असेल?" "आज वाटलं, एकदाचं संपलं तर बरं."

ही शेवटची ओळ पाकळीत गेली की तो तुकडा वाया गेला, आठवत नाही. दिवसभर आठवते आहे.

३ मार्च

म्हणून विचारत नाही ती. आई खोटं बोलली हे तिला कळलं. दाभण नत्थूला परत देऊ केलं. त्यानं घेतलं नाही. "आता ते बोऱ्याच्या काय कामाचं?" म्हणाला.

१४ मार्च, रविवार

हे आले नाहीत. वन्संना पाहायला पाहुणे आले असतील.

१९ मार्च

फोटो काढला. भोक तसंच आहे. डॉक्टर म्हणतात, वाढलं नाही हे काय कमी आहे? मी मान हलवली.

२८ मार्च, रविवार

हे आले. उन्हानं काळवंडलेले. वन्संचं जमलं. सगळे विचारत होते म्हणे, वहिनी कुठे? "शिकून राह्यली," यांनी सांगितलं. पुढे सासूबाई काही म्हणायच्या आत नलूच बोलली, पाहुण्यांसमोर, खडा आवाज – माझी आई कागदाची फुलं शिकते, परीक्षा झाली की येणार. हे हसून सांगत होते. मला हसू आलं नाही. तिला सगळं ठाऊक असताना इतकं सफाईनं? हे तिनं माझ्याकडूनच घेतलं.

निघताना खिशातून काडेपेटी काढली. दोऱ्यानं सात-आठ वेढे बांधलेली. "नलूनं दिली. मले उघडू नाई दिली. आईच्या शाळेसाठी आहे म्हणे."

आत एक जिलबी. खराट्याच्या काडीवर गुंडाळलेली असावी, मधला डोळा मोठा. शेवट भाताच्या शितानं चिकटवलेला. फार आवळलेली.

आज उकलत नाही. धीर नाही.

२९ मार्च

सकाळी उकलली. वहीच्या तीन पट्ट्या जोडून केलेली, बरोबर रेघेवर कापलेल्या. पेन्सिलीनं लिहिलंय –

"आई मले समजलं तू कुठी आहे. मी कोणाले सांगतलं नाई. आजीनं वाचू नाई म्हणून मी पट्ट्या चुलीत टाकल्या. मले खरं जिलबीत लिहून पाठवत जाजो."

दाभण उशाखालीच होतं. नवं पातं मागवलं आहे. आता एका ओळीत एक गोष्ट, अक्षर मोठं.

नलू, काल ताप होता.

नलू, आज रक्त पडलं नाही.

नलू, तुझी वेणी कोण घालतं?