डाव्या पंख्याची धार

मी, महिपती बुधाजी गायकर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा बोटीच्या पंख्यांना धार व पॉलिश करणे, मूळ गाव जांभूळ, राहणार बुवापाडा, अंबरनाथ, आज पूर्ण शुद्धीत आहे. दारू सोडून एकवीस वर्षे झाली. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि गोड बोलून लिहूनही घेतलेले नाही. आमच्या घरात गोड बोलणारे कोणी नाही. माझ्या हाताला दिवाळीपासून कंप सुटला आहे व डॉक्टरांच्या मते तो वाढणार आहे. म्हणून हात सहीपुरता स्थिर आहे तोवर माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

नमुना वकीलबाई उमा प्रधान यांनी दिला. मधली वाक्ये माझी आहेत. बाईंनी ती तीनदा खोडली, मी चारदा लिहिली.

हा सगळा खटाटोप कलम पाचसाठी आहे. माझा मेहुणा जनार्दन ऊर्फ जनू शेलार, राहणार बदलापूर गाव, याने नऊ वर्षांपूर्वी हे काम सोडले, ते आपला हात बिघडला असे समजून. तो बिघडलेला नव्हता. हे त्याला माझ्या जिवंतपणी कळावे म्हणून त्यालाच साक्षीदार बोलावले आहे. बाकीच्यांनी बाकीची कलमे चाळली तरी चालेल.

कलम १. बुवापाड्याचे दोन खोल्यांचे घर व बँकेतील ठेव पत्नी बनूबाई हिला मिळावी. मोरीतला नळ गळतो. तो दुरुस्त करा असे ती तेरा वर्षे सांगत आहे व मी करतो असे तितकीच वर्षे सांगत आहे. हे काम आता तिने दुसऱ्या कोणाकडून करून घेण्यास माझी हरकत नाही.

कलम २. जांभूळच्या वडिलार्जित जागेतील माझा हिस्सा मुलगा प्रमोद याला. प्रमोद बदलापूरला सातव्या मजल्यावर राहतो आणि दर रविवारी फोनवर म्हणतो, "पप्पा, ते मशीन भंगारात काढा ना आता." जागा त्याने घ्यावी. मत त्याचे त्याला परत. सून श्रद्धा रोज फोन करून माझा खोकला ऐकते, तिला माझे घड्याळ द्यावे. ते चालते.

कलम ३. गाळा, पॉलिश करायचे बफिंगचे मशीन, दोन ग्राइंडर व कापडी चाके हेही बनूबाईलाच. तिने ते विकू नये असे मी लिहिणार होतो, पण मी काही सांगितले आणि तिने ते ऐकले असे मला आठवत नाही.

गाळ्यावरची पाटी मात्र बदलावी. बोटीच्या खाली फिरतो त्याला आमच्या धंद्यात पंखाच म्हणतात. "येथे पंख्याला धार लावून मिळेल" अशी पाटी मी हौसेने रंगवून घेतली आणि त्या दिवसापासून आख्खे अंबरनाथ घरचे पंखे घेऊन येऊ लागले. शेजारी गंधार फडके यांनी त्यांचा टेबलफॅन आणला. "अहो, हा बोटीचा नाही," म्हटले तर म्हणाले, "पाटी लावलीय ना? मग लावा धार." त्यांनी फार हट्ट केला म्हणून लावली. फॅन माझ्या माळ्यावर आहे, तो त्यांना परत द्यावा. जाळी काढू नये असे सांगावे.

उल्हासनगर कॅम्प चारचे लछमनदास सेठ पस्तीस वर्षे माझ्याकडे स्टीलचे पंखे पाठवतात व पस्तीस वर्षे एकच विनोद करतात, "गायकर साईं, चमकता तो है, चलता भी है क्या?" त्यांना तेराव्याला बोलवावे. लाडू एकच वाढावा.

कलम ४. माझ्या बोटांच्या पेरांत पॉलिशचा काळा बसला आहे. आंघोळ घालताना तो घासून काढायचा प्रयत्न करू नये. लग्नाच्या हळदीलाही तो निघाला नव्हता.

कलम ५. सन २०१६ चा श्रावण. पावसाळ्यात बोटी बाहेर काढतात, तेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नसते. दोन इंजिनांच्या एका बोटीचे दोन पंखे आले होते. अशा जोडीत एक उजवा फिरतो, एक डावा, आणि टेबलावर ठेवले की चटकन फरक कळत नाही. पात्याची पुढची कड पाणी कापते, तिला धार लावायची. मागच्या कडेला किंचित वळलेला ओठ असतो, तो पाणी धरतो, त्याला बोटही लावायचे नाही. डाव्या पंख्यात या कडा उलट बाजूंना येतात. घोळ होऊ नये म्हणून डाव्याला लाल दोरा बांधायचा, ही माझी पद्धत. जनूला ती मीच शिकवली.

उजवा जनूने केला, डावा मी. मधला भाग पॉलिश करताना दोरा आड आला म्हणून मी तो सोडला, खिशात घातला आणि चहाला गेलो. परत आलो तो दोरा नसलेला पंखा पुढ्यात. दोरा मीच सोडल्याचे डोक्यातून गेले होते, तो उजवा समजून धार लावली. ओठ साफ गेला. चमक इतकी आली होती की मी त्यात बघून मिशी नीट केली.

चार दिवसांनी बोटीचा मालक गाळ्यात येऊन ओरडू लागला. बोट एका अंगाला ओढत होती, डावा पंखा पाण्यात नुसता घसरत होता. "किसने किया ये?" मी म्हणालो, "मेहुण्याने." पंख्याकडे न बघताच म्हणालो.

जनू एवढेच म्हणाला, "दाजी, मला तर उजवा केल्याचं आठवतंय. पण तुम्ही म्हणता म्हणजे माझीच नजर चुकली असणार." संध्याकाळी त्याने अ‍ॅप्रन खुंटीला लावला तो कायमचा. त्याच संध्याकाळी कामाचा शर्ट धुण्यासाठी घरी नेताना खिशात लाल दोरा सापडला. जनू तेव्हा फार तर स्टेशनपर्यंत पोचला असेल. मी दोरा परत खिशात घातला व जेवलो.

इतका बारीक हात मी दुसरा पाहिलेला नाही. पात्याची कड नखाएवढी बारीक करूनही तिला लाट येऊ द्यायचा नाही. तो हात आता पाणीपुरवठ्याच्या कामावर व्हॉल्व्ह फिरवतो. शरमेने तो आमच्या घरी येत नाही. भाऊबिजेला नाक्यापर्यंत येतो, बनू ताट घेऊन जिना उतरते आणि रिक्षा स्टँडवर त्याला ओवाळते. असे दहा वेळा झाले. रिक्षावाले आता तिच्यासाठी जागा मोकळी ठेवतात. मी गॅलरीतून बघतो. दहाही वेळा खाली जाऊन सांगता आले असते. मी भ्यालो. मला लाज वाटते.

कलम ६. वकीलबाई म्हणाल्या, "काका, ज्याला काही देणार त्याला साक्षीदार करू नका, पुढे भानगड होते." म्हणून जनूला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. त्या असेही म्हणाल्या की साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, सही समोर झाली एवढे पुरते. जनूने वाचावा. ही माझी अट आहे.

सहीपूर्वीची नोंद. जनू आज सकाळी अकराला जिना चढून वर आला. बनूने पोहे केले होते. त्याने कलम पाच उभ्यानेच वाचले, मग बसून परत वाचले. म्हणाला, "दाजी, मी चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरतो. नऊ वर्षं. हाताचा भरवसा नाही म्हणून." बनूने "बघू" म्हणून कागद घेतला, वाचला, आणि माझ्यासमोरची पोह्यांची बशी उचलून आत नेली. शेवटी जनूने पेन मागितले. वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला, तो बरोबर आहे.

ठिकाण : बुवापाडा, अंबरनाथ
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) महिपती बुधाजी गायकर
अक्षर हलले आहे, पण माझेच आहे.

साक्षीदार :

१. (सही) वैष्णवी गंधार फडके, शेजारी, बुवापाडा

२. (सही) जनार्दन शेलार, बदलापूर गाव
सही माझ्यासमोर झाली. मजकूर दोनदा वाचला. दाजींना माफ केलेले नाही. सोमवारी आठ वाजता गाळ्यावर येतो, चावी ताईकडे देऊन ठेवावी.