लोणच्याची बरणी

रविवार, संध्याकाळ. बोटीवर.

लिही गं सोनू, आणि आजीचे शब्द गाळू नकोस.

काल जेवायला सहा जणांचं टेबल मीच मागितलं. आपल्या चौघांचं वेगळं कशाला? तुमची तोंडं मी परळला रोजच बघते. समोर गिरगावातलं जोडपं बसलं. बाई भारी लाघवी. घरचं लिंबाचं लोणचं आणलेलं. बरणी माझ्यापुढे सरकवली, "वाढून घ्या आजी, लाजू नका." मी घेतलं. मग चौकशी सुरू झाली. गाव कुठलं, आडनाव काय. आडनावावरून काही उलगडेना, तेव्हा मीच म्हटलं, "दमू नका बाई, आम्ही बौद्ध." बाई हसल्या. छान हसल्या.

आज बघते तर दोघं कोपऱ्यातल्या वेगळ्या टेबलावर. म्हणे, "यांना गर्दी सोसत नाही." एवढी बोटभर माणसं, आणि गर्दी आमच्या चौघांची! बरणी मात्र आमच्याच टेबलावर. "राहू दे, तुम्हीच ठेवा." शी!

तुझा बाप मान खाली घालून म्हणतो, "आई, उद्यापासून आपणही वेगळं बसू." का रे बाबा? खुर्च्या त्यांनी सोडल्या. आपण का उठायचं?

लोणचं चांगलं होतं, त्याचाच जास्त राग येतोय.

शेवटी बरणी उचलली आणि नेऊन बाईंच्या ताटाला टेकवून ठेवली.

"अहो आजी, ठेवायची की!"

म्हटलं, "नको बाई. आमच्यात चालत नाही."