टाका नाही पडला तरी चालंल

राजारामपुरी, सातवी गल्ली,
कोल्हापूर.
बुधवार, १५ फेब्रुवारी १९७८

प्रिय अक्का,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. चमनची बहीण जरीना उद्या गडहिंग्लजला सासरी परत जातीय, ती तुझ्या हातात देईल. वाचून झालं की चुलीत घाल. दाजींनी विचारलं तर सांग, नरसूनं मशीनची खबर पाठवलीय. खोटं होणार नाही ते, पत्रात मशीनच आहे.

तुझं कार्ड मिळालं. रेडिओ बिघडलाय, आबांच्या खोलीत आईचं मशीन पडून आहे ते दुरुस्त करून पाठव, नंदीचा पाय आता पायडलला पोचेल एवढी ती वाढलीय. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, टाका नाही पडला तरी चालंल, चाक फिरलं म्हणजे झालं. मी हसलो. माझ्या कथांना तू हेच म्हणतीस की, नुसतं चाक फिरतंय, टाका काय पडत नाही. म्हटलं, आता मशीन पण तसलंच मागतीय.

आबा गेल्यापासून त्या खोलीत मी पाय ठेवला नव्हता. मशीनवर गोणपाट होतं आणि खाली त्यांच्या कापशी चपला. जड, तळाला नाल मारलेल्या. हात लावला नाही, पायानं सारल्या. मशीन हातगाड्यावर घालून शाहूपुरीत चमनच्या दुकानात नेलं. माझ्याबरोबर कॉलेजात होता आणि मधेच सोडून वडिलांच्या मशीन दुरुस्तीत बसला, तोच चमन. मशीनवरची सोनेरी अक्षरं पार गेलेली. आबा सांगायचे तेच मी त्याला सांगितलं, की बेळगावला एका गोऱ्या साहेबाच्या लिलावात आईसाठी नवंकोरं घेतलं. चमननं खालची पट्टी सरकवली आणि बोटाएवढा लांब, होडीसारखा धोटा बाहेर काढला. "नवंकोरं व्हय? मर्दा, गोल बॉबिन यायच्या आधीचं हाय हे. तुझा बाप साहेबाला भेटलता का साहेबाच्या आज्याला?"

मग मशीन उताणं करून आम्ही रॉकेलनं घासत बसलो. वाळलेल्या तेलाचा काळा पापुद्रा निघाला आणि खाली अक्षरं. लग्नात भांड्यावर नाव घालतात ना, तशी, ठिपक्या-ठिपक्यांची. चि. सौ. कां. गोदावरी हिस, वडिलांकडून, कुरुंदवाड. अक्का, मशीन आईचं होतं. माहेरचं. "मशीन घेऊन दिलंय तुला, अजून काय डोक्यावर घेऊन नाचू?" हे आबा जन्मभर म्हणाले आणि तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. तुला माहीत होतं का ग?

चाक फिरत होतं, पण दर फेऱ्याला आत खट्ट करायचं. तो आवाज आला आणि मी हातातलं फडकं घेऊन तसाच बसून राहिलो.

तुला आठवतं का, असं विचारणार नाही. आबा कचेरीतनं यायचे. दोन्ही चपला दारात काढल्या तर ती संध्याकाळ बरी. एकच काढली आणि हातात राहिली, तर तुला म्हणायचे, "श्यामे, बस मशीनवर." दोरा नाही, कापड नाही. तू पायडल मारायचीस आणि ते आईला मारायचे. भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं, गल्लीला फक्त मशीन ऐकू जावं म्हणून. मी खाली, मशीनच्या लोखंडी पायाला मिठी मारून. आईच्या पाठीवर कापशी बसायची ती ओल्या पोत्यावर दांडकं बसावं तशी, आणि वरनं तुझी खडखड. मधेच ते ओरडायचे, "जोरात." ते तुला म्हणतात हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं, स्वतःलाच सांगतात.

आणि तू पाय थांबवलास तो दिवस. आईचा दात पडला होता. रक्ताच्या लाळेसकट घरंगळत तुझ्या पायाशी आला आणि तू थांबलीस. घर एकदम गप्प. आबांनी चप्पल खाली ठेवली, अगदी सावकाश. तुझा डावा हात धरला, बोट सुईखाली दाबलं आणि चाक हातानं फिरवलं. सुई नखातनं आरपार गेली आणि मोडली. तू जी किंकाळी फोडलीस ती माझ्या कानातनं अजून गेलेली नाही. पण मला तुझ्यापेक्षा आईच जास्त दिसते. तोंडातनं रक्त गळतंय, तशीच उठली. तुझं बोट सोडवून पदरात गुंडाळलं, तुला मांडीवर घेतलं, पायडलवर पाय ठेवला आणि मशीन चालवायला लागली. जोरात. आबांनी सांगितलं नव्हतं. तुझं रडणं शेजारी जाऊ नये म्हणून तिचं तिनंच.

चमननं चिमट्यानं धोट्याच्या खोबणीतनं एक तुकडा ओढून काढला. सुईचं टोक, गंजलेलं. "ह्येच खट्ट करत हुतं," म्हणाला, "एवढी वर्षं कुणी बघितलं कसं न्हाय?" मी ते खिशात घातलं. त्यानं सगळीकडे तेल सोडलं, नवी वादी चढवली, सुई घातली आणि मला म्हणाला, बस. मी पायडल दाबलं. चाक गरगर फिरलं आणि अक्का, आवाजच आला नाही. नुसती गुणगुण, पलीकडच्या खोलीत कुणी दळताना ओवी म्हणावी एवढीच. मी म्हटलं, आवाज कुठाय? चमन हसला. "आवाज जावा म्हणून लोक माझ्याकडं येत्यात, येडा हायस का?" त्या हसण्यावर मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. डोकं टणकन वाजलं. माझ्या दुसऱ्या हातात पाना होता आणि तो वर गेलेला होता. चमननं सोडवून घेतलं नाही. माझ्या हाताकडं बघत म्हणाला, "खाली घे, नरसू. तुझ्या बापाचा हात हाय ह्यो."

खाली घेतला. पण मारायचं होतं मला. कुणाला, ते तिथं कळलं नाही. घरी येताना कळलं.

मशीन उतरवताना शेजारच्या चिमणाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना ओळखतीसच, बोलतात ते दगड मारल्यासारखं. म्हणाल्या, "तुझ्या आईचं मशीन रोज चालायचं बाबा. पर त्या घरातनं शिवलेलं एक झंपर कधी बाहीर आलेलं बघितलं न्हाय आमी." म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. रिकामं मशीन कसं वाजतं ते सगळ्यांना कळत होतं, आणि आपल्याला वाटायचं, झाकलंय.

दिवाळीत मी तुमच्याकडं आलतो. कोपऱ्यावरनंच तुमचा रेडिओ ऐकू येत होता, गल्ली दणाणून सोडणारा, आणि त्यावर कन्नड बातम्या. तुमच्या घरात कन्नड कुणालाच समजत नाही. दार उघडायला तुला वेळ लागला. संक्रांतीला इकडं आलीस ती मनगटापर्यंत बाह्या असलेला झंपर घालून, आणि नंदी तुझ्या पाठीला हात लागू देत नव्हती, मलासुद्धा. मी बघितलं आणि तिळगूळ खाल्ला. आता रेडिओ बिघडलाय. आणि नंदीचा पाय पायडलला पोचतोय.

तर मशीन पाठवत नाही, अक्का. नीट झालेलं मशीन तुझ्या त्या कामाचं नाही, त्याला आवाज नाही, आणि त्या पोरीला मी त्यावर बसू देणार नाही. रविवारी पहिल्या एस.टी.नं मी येतोय. चमन बरोबर आहे, दाजींसाठी नव्हे, माझ्या हातासाठी. तू नंदीला घेऊन नुसती स्टँडवर ये. भांडी, कपडे, सगळं राहू दे तिथंच. स्टँडवर दिसली नाहीस तर मी घरी येईन, आणि मग चमन मला कुठवर धरेल ते मला सांगता येत नाही. म्हणून लिहितोय, की त्याच्या आधी तू ये. आईच्या नावाचं मशीन खिडकीपाशी मांडलंय. त्या चपला मी बंबात घातल्या, दोन दिवस वास गेला नाही. आईच्या कुरुंदवाडच्या लुगड्याचा एक तुकडा ट्रंकेत होता, त्यावर काल स्वतः शिवून बघितलं. वेडंवाकडं आलंय, पण टाका पडतोय, अक्का.

तुझाच,
मशीनच्या पायाला धरून बसलेला
नरसू